एक्सलचा बूट

१० जून, मंगळवार

ही वही साहिलच्या शाळेतली आहे, निम्मी कोरी. मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून चंद्रकांतला बोलता येत नाही. एक्केचाळीस वर्षं संध्याकाळच्या चहाबरोबर मी त्याला दिवसभरातलं सगळं सांगत आले. अजूनही सांगते आणि तो ऐकतो. पण काळजीच्या गोष्टी आता त्याच्यासमोर काढवत नाहीत. त्या इथे लिहीन.

सगळ्यात मोठी काळजी गाडीची. आमचं घर ताम्हिणीच्या अलीकडे, डांबरी सोडून तीन किलोमीटर आत, ओढ्याच्या पलीकडे. पावसाळ्यात चारही चाकांनी ओढणारी गाडी असेल तरच इथून बाहेर पडता येतं. आणि मंगळवारी अन् शुक्रवारी बाहेर पडावंच लागतं, कारण चंद्रकांतचं डायलिसिस कोथरूडला. साहिल, आमचा मुलगा, भूगावला सातव्या मजल्यावर राहतो. त्याने मला बजावलंय, "आई, एक जरी डायलिसिस चुकलं तर त्या दिवसापासून तुम्ही दोघं माझ्याकडे. मग मी बाबांचंही ऐकणार नाही."

चंद्रकांतने निवृत्तीनंतर हे घर गवंड्यांबरोबर उन्हात उभं राहून बांधलं. मार्चमध्ये दवाखान्यातून परत आणलं तेव्हा ओसरीच्या खांबावर डावा हात ठेवून तो कितीतरी वेळ रडत होता. मी शब्द दिला, तुला इथून हलवणार नाही. शब्द माझा, पण तो पाळायचा गाडीने.

म्हणून आज पौडला एकनाथ मिस्त्रीकडे पुढच्या दोन्ही चाकांचे बूट बदलून घेतले. हा शब्द मला फार आवडला. एकनाथने मला गाडीखाली वाकायला लावलं.

"हा एक्सल, बाई. चाक वळतं तवा हा सांधा बी वळतो. सांध्याला ग्रीस लागतंय, आन् ग्रीस आत ऱ्हावं म्हणून वरनं हा रबराचा बूट. बूट फाटला का ग्रीस भाईर आन् चिखूल आत. मग सांधा ग्येला."

"किती दिवस टिकतो?"

"चार-पाच वर्सं बगायला नको. साहेबांनी तर सात वर्सं काढली. लेकरावानी जपायचे."

"मीही जपेन."

"तुमी नुस्तं आठवड्यातनं एकदा वाकून बगा. चीर दिसली की या. बाकी कायबी करू नगा."

सदुसष्टाव्या वर्षी गाडीखाली आडवी होणार आहे मी. सोबत जुनं गोणपाट ठेवलंय.

१३ जून, शुक्रवार

डायलिसिसचे चार तास मला मोकळे असतात. आज पिरंगुटला गाडी धुऊन घेतली. धुणारा पप्पू चंद्रकांतला ओळखतो.

"मॅडम, खालून ऑइल मारू का?"

"कसलं ऑइल?"

"डिझेलमधी जुनं इंजिन ऑइल कालवायचं आन् फवारा मारायचा. घाटातल्या सगळ्या गाड्यांना मारतो आपण. गंज धरत न्हाई. साहेबांनी कधी मारू दिलं न्हाई. लई कडक होते."

"होते नाही रे, आहेत."

पप्पू ओशाळला. म्हणाला, "तसं न्हाई मॅडम." मलाच वाईट वाटलं, म्हणून म्हटलं, मार. चंद्रकांत परक्या माणसाला गाडीला हातच लावू देत नसे, त्यामुळे नको म्हटलं असेल. पण आता त्याचा उजवा हात चालत नाही, आणि माझ्या हातांना काही येत नाही. मग कुणाचे तरी हात लागणारच.

पप्पू गाडीखाली फवारत होता तेव्हा मला शाळेतला शिवणाचा वर्ग आठवला. सिस्टर बेनेडिक्टा शनिवारी आम्हाला मशीनला तेल घालायला लावायच्या. चोचीच्या डबीतून प्रत्येक भोकात एक थेंब, मग मऊ फडक्याने पुसायचं. "मुलींनो, यंत्राला बोलता येत नाही. त्याला काय हवं ते तुम्हालाच कळलं पाहिजे." तेलाचा वास, पांढरे मोजे, खिडकीबाहेरची बुचाची झाडं. त्या वर्गात मला कधी ओरडा बसला नाही.

परत येताना चंद्रकांत बेचैन होता. गाडीत बसल्याबसल्या त्याने नाक वर केलं, माझं मनगट धरलं आणि खाली, पायांकडे, हात केला. पाय दुखतात का विचारलं. त्याने डॅशबोर्डवर मूठ आपटली. घरापर्यंत तो असाच. डायलिसिसच्या दिवशी चिडचिड होते असं नर्स म्हणाली होती.

२० जून, शुक्रवार

आजही ऑइल मारून घेतलं. ओढ्यातून दोनदा जा-ये झाली की सगळं वाहून जातं, दर खेपेला मारायला हवं, असं पप्पू म्हणतो.

२४ जून, मंगळवार

संध्याकाळी घरी आल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. कुशाबा चंद्रकांतला गाडीतून उतरवून घ्यायला आला होता. वाडीवरचा कुशाबा आणि त्याची बायको रंभाबाई नसते तर मी एक आठवडाही काढू शकले नसते. चंद्रकांतने घरात यायला नकार दिला. कुशाबाला ओढत पुढच्या चाकापाशी नेलं, कसाबसा वाकला, चाकाच्या मागे हात घातला आणि काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं.

मी पदराने पुसलं. त्याने पुन्हा हात घातला, पुन्हा बोट धरलं. मी पुन्हा पुसलं.

"साहेबास्नी गाडी लखलखीत लागती," कुशाबा म्हणाला. "बाई, तुमचा पप्पू वरवर धुतोय."

चंद्रकांतने बॉनेटवर कपाळ टेकलं. त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं. रंभाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला दटावलं, "सोताची वस्तू दुसऱ्याच्या हातात बगवत न्हाई ओ मान्साला. तुमी चालीवता त्येच्या म्होरं, त्येला कसं वाटत आसंल?"

खरं आहे. याच वाटेवर त्याने मला गाडी शिकवली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी ओढ्यात गाडी बंद पाडली की तो गाणं म्हणायचा, मी पुन्हा चालू करीपर्यंत. आता मी चालवते आणि तो शेजारी.

पप्पूला शुक्रवारी सांगणार आहे, आधी नीट घासून धू, मगच ऑइल मार. चाकांच्या मागे जास्त.

४ जुलै, शुक्रवार

सकाळी गोणपाट टाकून खाली शिरले. बॅटरीच्या उजेडात बूट पाहिले. चीर कुठेही नाही. उलट पहिल्या दिवशीपेक्षा छान दिसतात, काळेभोर, फुगीर, हाताला लोण्यासारखे मऊ. मला फार समाधान वाटलं. एवढ्या वाईट वर्षात एक गोष्ट तरी माझ्या हातून बरी होतेय.

चंद्रकांतला सांगितलं, "बूट अगदी टवटवीत आहेत." तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने डोळे मिटले.

९ जुलै, बुधवार

चार दिवस सूर्य नाही. कपडे वाळत नाहीत, पिठाला वास येतो. चंद्रकांत जेवत नाही. पाटीवर डाव्या हाताने अक्षरं काढायचा सराव मी घेते. आज त्याने पाटीवर एक लांब आडवी रेघ काढली, तिच्या दोन्ही टोकांना गोल, आणि ते गोल खडूने खोडून खोडून पाटी भरून टाकली. मी म्हटलं, "छान, पण 'क' काढ ना." त्याने पाटी बाजूला ठेवली.

पाटी पुसताना मला रडू आलं. केवढं सुरेख अक्षर होतं त्याचं.

१५ जुलै, मंगळवार

गाडीचा आवाज येतो. ओढ्याजवळच्या वळणावर चाक पूर्ण वळवलं की डावीकडून टक टक टक टक, विणकामाच्या सुया एकमेकींवर आपटाव्यात तसा. सरळ झालं की थांबतो. चंद्रकांतने ऐकलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एकनाथ मुलीच्या बाळंतपणासाठी भोरला गेलाय. गॅरेजवर त्याचा भाऊ शंभू होता. भर पावसात, ताडपत्रीखाली त्याने चाक काढलं. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे उडाले होते.

"फाटला, बाई. डावा."

"अहो, सव्वा महिनाच झालाय!"

"माल खोटा आला म्हनायचा. आजकाल समदंच खोटं." त्याने सांधा धुतला, नवं ग्रीस भरलं, नवा बूट चढवला. "आवाज थोडा ऱ्हाईल. चिखूल जाऊन आलाय आत."

"चालेल ना पण?"

"चालवायची म्हनलं तर चालतीच की. आमची म्हातारी बी चालती," तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

आता नव्या बुटाचं तसं होऊ नये म्हणून सरळ पिरंगुटला गेले आणि दोन्ही बुटांवर जवळून, नीट, ऑइल मारून घेतलं. मी स्वतः उभी राहिले.

२५ जुलै, शुक्रवार

साहिलचा फोन. दवाखान्यात भेटायला आला होता तेव्हा त्याने गाडी वळवताना आवाज ऐकला.

"आई, ते काय वाजत होतं?"

"सांधा. एकनाथ आला की बघणार आहे."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत सांभाळून."

"तू हट्ट कुणासाठी करतेयस? बाबांसाठी की स्वतःसाठी?"

मी म्हटलं, बाबांसाठी. फोन ठेवल्यावर विचार केला. मला स्वतःलाही इथेच राहायचंय. त्या फ्लॅटमध्ये मी सूनबाईच्या स्वयंपाकघरात कुठे उभी राहू? इथे निदान ओसरीवर चंद्रकांतशेजारी बसते आणि मला वाटतं, आत्ता बोलेल.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आता आवाज दोन्हीकडून येतो. जाऊन आलो. देवाची कृपा.

वाटेत शाळेतली प्रार्थना आपोआप तोंडात आली. पन्नास वर्षांत म्हटली नव्हती. प्रत्येक वळणाला एकदा. एकनाथ सोमवारी येणार होता, आता गुरुवारी येणार म्हणे. मंगळवार एकच काढायचाय.

६ ऑगस्ट, बुधवार

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय.

काल सकाळी सातला निघालो. रात्रभर कोसळत होता. ओढा पार केला. पलीकडचा चढ सुरू होतो तिथे उजवीकडे वळावं लागतं. मी चाक वळवलं, टकटक सुरू झाली आणि मग एकदम कडाड झालं. काहीतरी खालून तुटल्यासारखं. पुढची चाकं ओढेनात. मागची नुसती गरगरत राहिली आणि गाडी इंच इंच मागे, ओढ्याकडे सरकायला लागली. मी हँडब्रेक खेचून धरला, हॉर्न दाबून ठेवला. चंद्रकांतने डाव्या हाताने माझा हात स्टिअरिंगवरून सोडवला आणि धरून ठेवला. किती वेळ ते माहीत नाही.

कुशाबा आणि वाडीवरचे तिघं धावत आले. चाकांमागे धोंडे लावले. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि चंद्रकांतला तीत घातलं. रंभाबाई छत्री धरून दोन किलोमीटर झोळीबरोबर पळत होती. तिच्या स्वतःच्या डोक्यावर काही नव्हतं.

"साहेब, हलकं झालाय तुमी," कुशाबा धापा टाकत म्हणाला, "न्हाईतर तुमास्नी हितंच वढ्यात धुऊन काढला आसता." चंद्रकांत हसला. खरंच हसला. पावसात, झोळीत.

डांबरीवर तासभर कुणी थांबेना. शेवटी दुधाच्या टेम्पोने पौडपर्यंत नेलं, पुढे साहिल आला. पोचेपर्यंत दुपार. यंत्र दुसऱ्याला दिलेलं. संध्याकाळी त्याला धाप लागली, ओठ निळे झाले. फुप्फुसात पाणी साठलंय. आता काचेच्या आत आहे. डॉक्टर म्हणाले, वाचतील, पण यापुढे आठवड्यातून तीनदा. आणि दवाखाना हाताशी हवा.

साहिलने चहा आणून दिला, बिस्किटाचा पुडा फोडून दिला. तो मला बोलून घेईल याची मी वाट पाहत होते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कुशाबाने ट्रॅक्टर लावून गाडी पौडला पोचवली. चंद्रकांतचं डायलिसिस चालू असताना मी तिकडे गेले. एकनाथ आला होता. त्याने बूट कापून माझ्यासमोर टाकले.

"बाई, हे काय लावत होतात याला?"

मी पाहिलं. रबर पाण्यात भिजलेल्या पावासारखं फुगून लिबलिबीत झालेलं. एकनाथने चिमटीत धरलं तर तुकडा निघून हातात आला.

"ऑइल," मी म्हटलं. "पप्पूकडून. दर खेपेला."

"डिझेलातलं?"

"हो."

"अवो, डिझेल-ऑइल लागलं का ह्ये रबर सडतं! फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं."

"पण आत ग्रीसच असतं ना?"

"ते ग्रीस येगळं, रबराला सोसंल आसं. ह्ये जळकं ऑइल. पत्र्याला मारतात लोक, पन बूट झाकून. साहेब तर पिरंगुटच्या त्या पोराला गाडीखाली शिरूच देत नव्हते. एकदा माज्यासमोर त्याला आसं झापलं व्हतं..." तो थांबला. माझा चेहरा दिसला असेल. "जाऊ द्या बाई. तुमास्नी कुनी सांगितलंच न्हाई तर कसं कळायचं?"

मला सांगितलं होतं, एकनाथ. मनगट धरून सांगितलं होतं. बोट काळं करून, एकदा नाही, दोनदा. पाटीवर एक्सल काढून दोन्ही टोकं खोडून सांगितलं होतं. मी त्याला 'क' काढायला सांगत होते.

१० ऑगस्ट, रविवार

त्याला काचेबाहेर आणलंय. शेजारी स्टुलावर बसून मी सगळं सांगितलं. पप्पू, डिझेल, रबर. म्हटलं, "तू ऑइलचंच सांगत होतास ना रे?"

त्याने मान हलवली. हो. एकदाच.

मी माफी मागितली. त्याने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. फार लांबून, जसं आपण गाडीतून मागे राहिलेल्या माणसाकडे पाहतो. मग तोंड भिंतीकडे वळवलं. थकलेला आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीये.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. भूगाव

इथे येऊन आठ दिवस झाले. दवाखाना पंचवीस मिनिटांवर. साहिल नेतो-आणतो. सूनबाई चांगली आहे, माझ्यासाठी ओट्यावर जागा रिकामी करून दिली. त्या रिकाम्या जागेत काय ठेवावं ते मला सुचत नाही.

एकनाथने गाडी इथे आणून दिली. नवे सांधे, नवे बूट. "आता धा वर्सं बगायला नको," म्हणाला. पूर्ण वळवून दाखवली. काही आवाज नाही. ती खाली पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मध्ये उभी आहे.

चंद्रकांत भरवलं तर जेवतो. बसवलं तिथे बसतो. पाटी दिली तर मांडीवर ठेवून घेतो. कशाला नाही म्हणत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

रंभाबाईचा फोन आला. घराची किल्ली तिच्याकडे आहे. ओसरीत पाणी येत नाही, मागचं दार फुगलंय, कुत्रं दारातच बसून असतं, असं सगळं सांगत होती. मग म्हणाली, "साहेबांच्या कानाला लावा. त्येनी बोलाया नगं, म्या बोलते."

मी फोन त्याच्या कानाशी धरला. ती मोठ्याने बोलते, मला सगळं ऐकू येत होतं. ओढ्याला किती पाणी, कुणाची म्हैस व्याली, धोंडे अजून तिथंच पडलेत. दहा मिनिटं. चंद्रकांतचे ओठ हलत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा जागा झाला.

शेवटी तिने विचारलं, "मंग? कवा येताय घरला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो वाट पाहत होता. बोलता येतं ते मलाच.

मी फोन त्याच्या कानावरून काढून माझ्या तोंडाशी नेला. म्हटलं, "रंभाबाई, आवाज तुटतोय हो," आणि बंद केला.

आवाज अगदी स्वच्छ येत होता. त्यालाही येत होता.